हात लावण्यासाठीच घडवलेले शिल्प

सार्वजनिक उद्यानात शिल्प उभे राहिले की त्याभोवती प्रथम कठडा येतो आणि पाठोपाठ 'हात लावू नये' ही पाटी येते. थोरांच्या पुतळ्यांपुरती ही मर्यादा योग्यच आहे. परंतु बालोद्यानातील हरणाला आणि कासवालाही तोच नियम लावणे हा मुलांवर अन्याय होय. मूल डोळ्यांनी पाहते, त्याहून अधिक हातापायांनी पाहत असते.

इसामू नोगुची या जपानी-अमेरिकन शिल्पकाराने हे फार पूर्वी ओळखले होते. १९३३ साली त्याने 'खेळाचा डोंगर' कल्पिला. चढायला पायऱ्या, घसरायला उतार, असे सबंध मैदानच शिल्प व्हावे, ही त्याची कल्पना. न्यूयॉर्कच्या उद्यान-आयुक्तांनी ती धुडकावली. पुढे जपानातील साप्पोरो शहराने कचऱ्याने भरलेली जमीन त्याच्यापुढे ठेवली. १९८८ साली आराखडा करून त्याच वर्षअखेर तो निवर्तला. मोएरेनुमा उद्यान २००५ साली पूर्ण झाले. न्यूयॉर्कने नाकारलेल्या डोंगरावर साप्पोरोची मुले आज चढतात.

गोमंतकाने एवढे थांबण्याचे कारण नाही. खाणीतून निघताना मऊ असणारा आणि हवेत कठीण होणारा जांभा येथे विपुल आहे. कुशावतीच्या काठी, उसगाळीमळ येथे, प्रागैतिहासिक माणसाने त्याच जांभ्यावर जनावरे आणि चक्रव्यूह कोरले. शिमग्याचे चित्ररथ आणि नरकासुराच्या प्रतिमा घडविणारे हात गावोगाव आहेत. पणजीचे कला महाविद्यालय तर १९७२ पासून उभे आहे.

मात्र उत्साहाबरोबर विवेकही हवा. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, वैशाखात पत्र्याची घसरगुंडी चटका देते. म्हणून जांभ्याच्या खरखरीत अंगावर गुळगुळीत गिलावा असावा, कडा गोलवाव्यात, तळाशी वाळूचा जाड थर द्यावा, वर झाडाची सावली असावी आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी डागडुजी व्हावी. उद्घाटनाच्या फलकापेक्षा या डागडुजीची तरतूद अधिक मोलाची आहे.

मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. आमच्या नगरपालिकांनी आणि पंचायतींनी तयार खेळणी मागविण्यापूर्वी आपल्या मैदानात असे एक कासव घडवून पाहावे. ज्या मुलाने त्याच्या पाठीवर बसून दुपार घालविली, ते मोठेपणी वाळूतील घरटे तुडविणार नाही, अशी आमची श्रद्धा आहे.