गोरोबाकाकांचं थापटणं

लातूरहून मुरुड, मुरुडहून ढोकी आणि तिथून आत वळलं की तेर. जुनी माणसं दोन्ही नावं एका दमात घेतात, तेरढोकी. इथं तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे. वारकऱ्यांच्या मेळ्यात ज्ञानेश्वर माउली झाले, पण 'काका' ही हाक मिळाली ती या एका कुंभाराला. वयानं सगळ्यांत वडील म्हणून काका, असं सांगतात. परंपरेनं त्यांचा जन्म १२६७ सालचा आणि समाधी १३१७ मधली, चैत्र वद्य त्रयोदशीची. म्हणजे नामदेवांहून ते जेमतेम तीन वर्षांनी मोठे. तीन वर्षांच्या अंतरानं कोणी काका होत नाही. मला वाटतं, ही हाक वयाची नसून घराची आहे. ज्याच्या दारात चाक फिरतंय, मडकी भाजायचा आवा धुमसतोय, घरात दोन बायका आहेत आणि तरी चार संत आले तर ओसरीवर जागा आहे, त्या माणसाला आपल्याकडे काका म्हणतात.

गोरोबांच्या चरित्रातल्या बऱ्याच गोष्टी चमत्काराच्या आहेत. पण कुंभारकाम जवळून पाहिलेल्या माणसाला त्यांत आधी दिसतो तो कामाचा तपशील. मातीपासून सुरुवात करू. मराठवाड्याची निव्वळ काळी माती कुंभाराला चालत नाही. ती पाण्यानं फुगते आणि वाळताना भेगाळते. म्हणून तळ्याचा किंवा नदीचा गाळ आणायचा, वाळवायचा, कुटायचा, चाळायचा, त्यात राख आणि घोड्यागाढवाची लीद मिसळायची, मग पाणी घालून पायांनी तुडवायचं. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं उरतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. माठाचा गारवा असा तुडवणीपासूनच सुरू होतो. तुडवणं हे तासन्‌तासांचं काम. पाय एका लयीत पडत राहतात, टाचेला खडा लागला की वाकून काढायचा, पुन्हा तीच लय. मन कुठंही गेलं तरी पाय थांबत नाहीत.

याच लयीत गोरोबांच्या तोंडी विठ्ठलाचं नाव होतं. त्यांची बायको संती पाण्याला गेली होती. रांगतं मूल चिखलात आलं आणि पायांखाली गेलं.

ही गोष्ट मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. कीर्तनकार इथं भक्तीची तल्लीनता रंगवतात. मला मात्र दर वेळी डोक्यावर घागर घेऊन परतणारी संती दिसते. तिनं आकांत केला, नवऱ्याला आणि त्याच्या देवालाही बोल लावले. गोरोबा चिडून तिच्या अंगावर धावून गेले, तेव्हा तिनं शपथ घातली, मला हात लावाल तर विठोबाची आण. त्या घरात तिचं एवढंच चाललं. नवऱ्याचं ज्याच्यावर सगळ्यांत जास्त प्रेम होतं, त्याचीच आण तिनं घातली. नवऱ्याला नेमकं काय बांधून ठेवील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गोरोबांनी आण पाळली. दिवस गेले, वंश पुढं चालायचा कसा ही चिंता संतीलाच पडली, आणि तिनं आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी नवऱ्याचं लग्न लावून दिलं. सासऱ्यानं निघताना सांगितलं, दोघींना सारखंच वागवा. गोरोबांनी तोही शब्द धरला आणि धाकटीलाही स्पर्श केला नाही. एका रात्री दोघी बहिणींनी झोपलेल्या नवऱ्याचे हात आपल्या अंगावर ठेवून घेतले. जागे झाल्यावर त्यांनी आण मोडणारे हात तोडून टाकले.

कुंभारानं हात तोडणं म्हणजे काय, हे चाकाजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दांड्यानं गरगर फिरवलेल्या चाकावर गोळा मधोमध बसवायचा, अंगठ्यानं मध्य उघडायचा आणि दोन्ही हातांच्या मध्ये भिंत वर ओढायची. आतलं बोट आणि बाहेरचं बोट यांच्यामधला मातीचा थर किती राहिला, हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळतं. विठ्ठलाच्या प्रेमापायी गोरोबांनी जे दिलं ते हे. आणि ते एकट्यानं दिलं नाही. कुंभाराचं काम घराचं असतं. माती चाळणं, लेप देणं, मडकी वाळवणं, आवा रचणं आणि डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव विकणं यांत बायकांचे हात असतात. चाकावर बसणं तेवढं रूढीनं पुरुषाकडं राहिलं. त्यामुळं ते दोन हात गेले आणि तीन माणसांचं पोट थांबलं.

महिपतीबोवांनी भक्तविजयात ही कथा सविस्तर सांगितली आहे. पुढचा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे. स्वतः पांडुरंग विठू कुंभार होऊन तेरला आला, रखुमाई सोबत आली, गरुड गाढव झाला. देव चिखल तुडवू लागला, चाक फिरवू लागला आणि मोडलेलं घर चालवू लागला. या कुटुंबाचं काय मोडलं होतं, ते देवाला उमगलं होतं. शेवटी पंढरीला नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजवायला गोरोबांनी तुटके हात वर केले तेव्हा पंजे फुटले, संतीनं आळवणी केली तेव्हा मूल रांगत आलं, आणि आणही सुटली.

गोरोबांची दुसरी कथा थापटण्याची. संत जमले असताना मुक्ताबाईनं विचारलं, काका, यातली मडकी कच्ची कोणती आणि पक्की कोणती ते सांगा. गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे शांत बसले, नामदेव कळवळले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. रुसलेले नामदेव पुढं औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पोचले आणि तिथं त्यांना गुरू भेटले, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे.

इथं हत्याराकडे नीट पाहायला हवं. भाजून आलेलं मडकं कुंभार कधीच थापटण्यानं तपासत नाही, ते फुटेल. त्याला तो बोटाच्या पेरानं वाजवतो. खणखणलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठं तरी चीर आहे. थापटणं हे ओल्या, अर्धवट सुकलेल्या मडक्याचं लाकडी हत्यार. चाकावरून उतरतं ते मडकं लहान, जाड भिंतींचं आणि बहुधा बुडाला उघडं असतं. मग आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून थापटायचं. प्रत्येक घावासरशी भिंत पातळ होते, पोट फुगतं, बूड मिटत जातं. एवढ्या घावांतूनच घागर घागरीएवढी होते. आतल्या हाताचा आधार नसेल तर पहिल्याच घावाला ती बसून जाईल.

म्हणून नामदेवांच्या डोक्यावर पडलेला तो घाव मला नुसत्या परीक्षेचा वाटत नाही. कच्चं मडकं म्हणजे अजून मोठं होऊ शकणारं मडकं. आपल्या घरात पक्केपणाची किंमत मोजलेल्या काकांनी तरुण नामदेवांना कच्चं म्हटलं, त्यात माया होती असं मला मनापासून वाटतं. आणि मडक्याच्या आत दुसरा हात लागतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? नामदेवांना तो आतला हात औंढ्याला मिळाला.

तेरची माती गोरोबांच्याही हजार वर्षं आधीपासून हातांखाली आहे. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर सांगितलं आहे. ते हेच तेर. शेतात आणि पांढरीच्या टेकाडांवर सापडलेल्या वस्तू तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आज गावात आहे. तिथल्या सातवाहनकालीन पांढऱ्या मातीच्या मूर्ती दोन साच्यांत दाबून जोडलेल्या, आतून पोकळ. इथं मिळालेली हस्तिदंती बाई तर इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. मला संग्रहालयात धरून ठेवते ती मात्र साधी भांडी. त्या कारागिरांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. गोरोबांचं नाव उरलं ते अभंगांमुळं. त्यांच्या नावावर वीसेक अभंग आहेत. संतीच्या नावावर एकही सांगितला जात नाही.

आता चाक विजेवर फिरतं. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या कुंभार सशक्तीकरण योजनेतून २०२० मध्ये नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतल्या शंभरेक कुंभार कुटुंबांना अशी चाकं मिळाली. दांडा फिरवून खांदा भरून येत नाही, ही मोठीच गोष्ट झाली. पण गाळ कुठून आणायचा, सरपण कितीला घ्यायचं आणि अवकाळी पावसात उघड्यावर रचलेला आवा कसा वाचवायचा, हे प्रश्न मोटरीनं सुटत नाहीत. बलुत्याचं धान्य केव्हाच थांबलं, माठाची जागा फ्रिजनं आणि रांजणाची प्लास्टिकच्या टाकीनं घेतली. उरले ते सण आणि संस्कार. नवरात्राचे घट, पोळ्याचे मातीचे बैल आणि शेवटच्या वाटेवरचं मडकं अजून कुंभाराकडूनच येतं.

आणि संक्रांतीची सुगडं. भोगीच्या आधीच्या दिवसांत लातूरच्या, नांदेडच्या बाजारात रस्त्याकडेला त्यांचे ढीग लागतात. विकायला बहुतेक बायाच बसलेल्या असतात. गिऱ्हाईक आलं की त्या ढिगातून एकेक सुगड उचलतात, कानाजवळ नेऊन बोटाच्या पेरानं वाजवतात आणि बद्द वाजलेलं बाजूला ठेवून खणखणीत तेवढी पुढं करतात. घेणारी बाई पुन्हा एकदा स्वतः वाजवून पाहते, मगच पिशवीत ठेवते.