नळीवाटें अन्न

आजारी माणसास आग्रहानें चार घास भरविणें हें आपल्याकडे मायेचें लक्षण समजतात. परंतु अर्धांगवायूचा झटका आलेल्या रोग्यास असा घास भरविणें कधीं कधीं प्राणावर बेततें. घसा हा अन्नाचा व श्वासाचा सामायिक मार्ग होय. गिळतांना श्वासनलिकेचें द्वार क्षणभर मिटतें; तें मिटविणारे स्नायू दुबळे झाले म्हणजे पेज फुप्फुसांत उतरते व न्यूमोनिया होतो. ठसका लागला नाहीं म्हणून घास नीट उतरला, असेंही समजूं नये. कित्येकांचा ठसकाच नाहींसा झालेला असतो. जठर व आंतडीं शाबूत, पण वाट धोक्याची, अशा रोग्यास नळीवाटें अन्न देतात.

ही युक्ति जुनी आहे. १७९० सालीं लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं गिळतां न येणाऱ्या एका रोग्यास ईल माशाच्या कातड्याच्या नळीनें अन्न पोंचविलें होतें. आपल्या रुग्णालयांत नाकांतून घालतात ती 'राईल्स ट्यूब' जॉन राईल या इंग्रज डॉक्टरांच्या नांवाची. गंमत अशी कीं, १९२१ सालीं त्यांनीं ती जठरांतील रस बाहेर काढून तपासण्यासाठीं योजिली होती!

नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत व तेथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत जितकें अंतर, साधारणतः तितकी नळी आंत घालतात. ती चुकून श्वासनलिकेंत गेली तर अनर्थच. म्हणून आंतील रस ओढून त्याची आम्लता पाहतात, अथवा क्ष-किरणांनीं खात्री करितात. हवा फुंकून पोटावर आवाज ऐकण्याची रीत विश्वसनीय नाहीं.

असा रोगी घरीं आला म्हणजे भार कुटुंबावर येतो, म्हणून पालकांस आम्ही हें विस्तारानें सांगतों. रोग्यास आडवा निजवून कधींही अन्न देऊं नये. डोकें व छाती ३० ते ४५ अंश उंच असावी, व अन्न दिल्यावरही निदान अर्धा तास तशीच राहूं द्यावी. अन्न गाळलेलें असावें व सावकाश सोडावें; आधीं व नंतर स्वच्छ पाण्यानें नळी धुवावी. नाकापाशीं केलेली खूण सरकलेली दिसल्यास पाण्याचा थेंबही न सोडतां डॉक्टरांस अथवा परिचारिकेस दाखवावें. तोंडानें कांहीं खात नसला तरी रोग्याचें तोंड रोज स्वच्छ करावें. याचाच बहुधा विसर पडतो.

चार ते सहा आठवड्यांहून अधिक काळ गरज दिसली, तर पोटावर लहानसें छिद्र पाडून नळी थेट जठरांत बसवितात. दुर्बिणीच्या साह्यानें, पोट न फाडतां तें करण्याची रीत १९७९ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें गॉडरर व पॉन्स्की यांनीं प्रथम एका तान्ह्या बालकावर योजिली. आंतडींच काम करीत नसतील तर मात्र शिरेवाटेंच पोषण द्यावें लागतें.

वार्धक्यांत स्मृतिभ्रंश अगदीं शेवटच्या अवस्थेस पोंचला असतां नळीनें आयुष्य वाढतें किंवा न्यूमोनिया टळतो, असें आढळलेलें नाहीं. तेथें जवळच्या माणसानें बसतें करून, चमच्यानें, रुचेल तेवढेंच भरवावें, हाच सल्ला आज तज्ज्ञ देतात. एक घास गिळला गेल्याचें पाहूनच दुसरा द्यावा.