सुरगाठ आणि निरगाठ : दोराच्या विद्येची ओळख

मराठी भाषेने गाठीचे दोन प्रकार फार पूर्वीच वेगळे करून ठेवले आहेत. टोक ओढताच जी सहज सुटते ती सुरगाठ. आणि जितकी ओढावी तितकी आवळत जाते, शेवटी नखांनी, दातांनी किंवा विळ्यानेच जिचा निकाल लावावा लागतो ती निरगाठ. मनातल्या निरगाठींविषयी आपण पुष्कळ बोलतो. या लेखात मात्र आपल्याला हातातल्या गाठींचा विचार करायचा आहे. हा विषय लहान वाटतो. पण वेळ आली की त्याच्यावर एखादे जनावर, एखादी होडी, क्वचित एखादा जीवही अवलंबून असतो.

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला वळकटी बांधणे, कपडे वाळत घालण्यासाठी दोरी ताणणे आणि सुट्टीला निघताना पेटी एसटीच्या टपावर बांधणे आठवत असेल. ही सारी कामे आपण एकाच गाठीने करत आलो : एकावर एक, एकावर एक, हात दुखेपर्यंत. गाठींची संख्या वाढली म्हणजे बांधणी पक्की झाली, हा आपला समज. वास्तविक चांगली गाठ तीन कसोट्यांवर उतरते. ती पटकन मारता आली पाहिजे, भार असेपर्यंत तिने धरून ठेवले पाहिजे आणि काम झाल्यावर ती सुटली पाहिजे. तिसरी कसोटी आपण बहुधा विसरतो.

दोराच्या विद्येचा आपल्या भागातला इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात दोर वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. केकताड आणि अंबाडीचा वाख काढून त्यांचे हात दावी, कासरे, शिंकी आणि मोटेचे नाडे वळत. विहिरीचे पाणी ज्या नाड्याने वर आले, तो नाडा ज्यांनी वळला, त्यांनाच त्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती. ज्ञान हातात होते, मान मात्र नाकारलेला होता. म्हणून दोर आणि गाठी यांच्याकडे अडाण्यांचे काम म्हणून पाहणे आपण तरी सोडले पाहिजे. घर्षण, ताण आणि वळसा यांचे ते शुद्ध शास्त्र आहे.

या शास्त्राचा पहिला नियम असा की गाठ स्वतःच्या घर्षणावर टिकते. दोर दोराला दाबतो आणि दाबलेला दोर सरकत नाही. भार वाढला की दाब वाढतो, म्हणून चांगली गाठ ओढीखाली अधिक घट्ट होते. दुसरा नियम असा की प्रत्येक गाठ दोराला थोडे दुबळे करते. दोर जेथे तीव्र वळतो तेथे त्याच्या बाहेरच्या धाग्यांवर जास्त ताण येतो. गाठीनुसार दोराची ताकद साधारण पाचव्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटते. जुन्या दोराला मध्येच गाठ मारून भार टांगताना हे लक्षात ठेवावे.

आता शिकण्याजोग्या गाठी पाहू. सोयीसाठी दोराच्या ज्या भागावर भार येतो त्याला ‘उभा दोर’ आणि ज्या टोकाने आपण गाठ मारतो त्याला ‘मोकळे टोक’ म्हणू.

पहिली रीफ नॉट. उजवे टोक डाव्यावरून नेऊन आवळावे. तेच टोक आता डावीकडे आलेले असते, ते पुन्हा उजव्यावरून नेऊन आवळावे. गाठ सपाट बसते, म्हणून जखमेच्या पट्टीसाठी आणि हाताच्या झोळीसाठी ती उत्तम. दुसऱ्या वेळी चुकीचे टोक वरून गेले तर गाठ तिरपी होते आणि सरकते. बुटाच्या नाडीत हा फरक रोज दिसतो. फुलाच्या पाकळ्या पावलाला आडव्या बसल्या तर गाठ बरोबर. उभ्या बसल्या तर बुटाची नाडी मैदानाच्या मध्यावर सुटणार. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अभियंत्यांनी २०१७ मध्ये याचाच अभ्यास प्रसिद्ध केला : पावलाचा जमिनीवरील आघात गाठ सैल करतो आणि हलणारी टोके तिला ओढून सोडवतात. मात्र भार पेलणारे दोन दोर जोडण्यासाठी रीफ नॉट कधीही वापरू नये. १९४४ मध्ये गाठींचा महाकोश रचणाऱ्या क्लिफर्ड अ‍ॅशली यांनी या एका गैरवापराने इतर सर्व गाठींच्या एकत्रित अपयशापेक्षा अधिक जीव घेतले असावेत, असा इशारा दिला आहे.

दोन दोर जोडण्यासाठी शीट बेंड आहे. जाड दोराचे टोक दुमडून वळसा करावा. बारीक दोराचे टोक त्या वळशातून खालून वर आणावे, वळशाच्या दोन्ही पायांमागून फिरवावे आणि स्वतःच्याच उभ्या दोराखालून काढून ओढावे. जाडीत फार फरक असेल तर मागचा फेरा दोनदा घ्यावा. हीच रचना विणकराच्या गाठीची. १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि पुढे आपल्या जिल्ह्यातील हजारो हात यंत्रमागावर तुटलेला धागा सांधू लागले. त्यांच्या बोटांना ठाऊक असलेली ही गाठ आणि शिडाच्या जहाजावरील खलाशाची गाठ एकच आहे, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

तिसरी क्लोव्ह हिच. खांबाभोवती एक फेरा, तो ओलांडून दुसरा फेरा, आणि टोक त्या ओलांडणीखालून बाहेर. मांडवाचे बांबू बांधण्याची सुरुवात हिने करावी. गुळगुळीत नळीवर ती सरकू शकते. तेथे पूर्ण दोन वेढे घेऊन वर दोन अर्धगाठी मारणे अधिक सुरक्षित. वेढ्यांवरच बहुतेक भार पेलला जातो, म्हणून दोर ताणलेला असतानाही ही बांधणी हळूहळू सोडता येते.

चौथी बोलाइन. ही न आवळणारा फासा देते. उभ्या दोरावर एक लहान बीळ करावे. उंदीर बिळातून वर येतो, झाडामागून, म्हणजे उभ्या दोरामागून, फेरी मारतो आणि पुन्हा बिळात शिरतो. मागे किमान वीतभर टोक सोडावे. विहिरीतून किंवा गच्चीवरून माणसाला वर घ्यायचे असेल तर काखांखालून हाच फासा घालावा. सरकफास कधीही नको, तो छाती आवळतो. गुळगुळीत नायलॉनवर भार नसताना बोलाइन सैल होऊ शकते, म्हणून टोकाची एक जादा गाठ मारावी. सह्याद्रीत कड्यांवर चढणारे आठाच्या आकाराची गाठ पसंत करतात, ती याच कारणाने : ती सहज सैल होत नाही आणि बरोबर मारली आहे की नाही हे साथीदाराला एका नजरेत कळते.

येथे एक सावधगिरी ठळकपणे सांगितली पाहिजे. वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याने कमरेला दोर पक्का बांधू नये. दोर अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो आणि ओली गाठ त्या स्थितीत सुटत नाही. काठावरून दोर फेकावा, बुडणाऱ्याने तो हाताने धरावा. पाण्यात उतरण्याचे काम प्रशिक्षित पथकाचे आहे.

आता सुरगाठीकडे येऊ, कारण आपल्या जिल्ह्यात तिचे मोल सर्वांत मोठे आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी नदी त्या रेषा कितीतरी मागे टाकून गेली. करवीर, शिरोळ, हातकणंगले तालुक्यांतील नदीकाठच्या पालकांना त्या रात्री वेगळ्या सांगायला नकोत. पाणी गोठ्यात शिरते तेव्हा वीज गेलेली असते, हात गारठलेले असतात आणि भेदरलेले जनावर दावे ताणून धरते. सुती किंवा तागाचा दोर भिजला की फुगतो आणि निरगाठ अधिकच आवळते. अशा वेळी दाव्याची गाठ एका झटक्यात सुटणे आणि न सुटणे यांत जनावराचा जीव असतो.

उपाय साधा आहे. खुंट्याभोवती पूर्ण वेढा घ्यावा, एक अर्धगाठ मारावी, आणि दुसरी अर्धगाठ मारताना टोक पूर्ण ओवून न काढता त्याचा दुमडलेला वळसाच ओवावा. जनावर ओढील तशी गाठ धरून राहते. आपण मोकळे टोक ओढले की मोकळी होते. जनावर तोंडाने टोक ओढत असेल तर ते त्या वळशातून एकदा ओवून ठेवावे. सोडताना आधी ते काढून घ्यावे लागेल, एवढेच. जनावराच्या गळ्याला मात्र सरकफास नसावा. तेथे न आवळणारी बोलाइनच हवी. होडीची आणि ट्रॅक्टरवरील ताडपत्रीची शेवटची गाठही याच रीतीने मारावी.

शिकण्याची पद्धतही सांगून ठेवतो. बोटाएवढा जाड, सुमारे दोन मीटर दोर पुरेसा आहे. आठवड्याला एकच गाठ घ्यावी. आधी बघून, मग डोळे मिटून, मग दोर भिजवून आणि शेवटी पाठीमागे हात नेऊन ती मारावी. बेडन-पॉवेल यांनी १९०८ मध्ये आपल्या पुस्तकातून बालवीर चळवळीचा पाया घातला, तेव्हापासून गाठी त्या शिक्षणाचा भाग आहेत. परीक्षेतल्या गुणांपुरती शिकलेली गाठ वर्षभरात विसरते. रोज कामात घेतलेली हातात राहते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती एवढीच आहे. मृग लागण्यापूर्वी एका संध्याकाळी मुलांना घेऊन गोठ्यात जा. प्रत्येक दाव्याची गाठ त्यांना सोडायला लावा. जी दहा आकडे मोजेपर्यंत सुटणार नाही, ती त्याच दिवशी सोडवून तेथे सुरगाठ बांधा.