घरच्या घरी बांधलेली नाव

जानेवारी १९६३ मध्ये लंडनच्या नौका-प्रदर्शनात एक छोटीशी नाव मांडण्यात आली. पुढची बाजू निमुळती नसून चपटी, शिडे लालभडक, लांबी जेमतेम अकरा फूट आणि किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. त्या काळच्या इंग्लिश कामगाराच्या साधारण चार आठवड्यांच्या वेतनाएवढी ही रक्कम होती. मात्र एवढ्या पैशांत तयार नाव मिळत नसे. मिळत असे ते साहित्य: आकारात कापलेले प्लायवुडचे तक्ते, तांब्याची तार, काचतंतूची पट्टी, राळ आणि कृतीची पुस्तिका. नाव ज्याची त्याने आपल्या घरी बांधावयाची होती.

ही योजना ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राची. नावेलाही ‘मिरर’ हेच नाव मिळाले आणि शिडांचा लाल रंग वृत्तपत्राच्या शीर्षपट्टीशी जुळता ठेवला गेला. प्रत्येक तलावावर आपली जाहिरात तरंगावी, हा हिशेब त्यामागे होताच. व्यापारी दृष्टीच्या वाचकांस तो सांगावा लागणार नाही. पण ग्राहकालाही त्यात खरोखर काही मिळत होते. तोवर शिडाची नाव बाळगणे हा बहुधा सधनांचा छंद होता. आता शिक्षक, कारकून आणि कारखान्यातील कामगार मोटारगाडीची जागा रिकामी करून तेथे तक्ते जोडू लागले.

नावेचे जनक दोघे. जॅक होल्ट हे मुरलेले नौका-रचनाकार. त्यांच्याच ‘एंटरप्राइज’ या नावेच्या प्रकारात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत मुंबईच्या समुद्रावर सुवर्णपदक मिळविले. दुसरे बॅरी बकनेल. हे दूरदर्शनवर गृहस्थांना घरची सुतारकामे शिकवीत. होल्ट यांना पाणी ठाऊक होते, तर बकनेल यांना नवशिक्याचा हात ठाऊक होता, आणि ‘मिरर’चे मर्म या दुसऱ्या ज्ञानात अधिक आहे.

परंपरेने नाव बांधावयाची तर आधी सांगाडा उभा करावा लागतो, लाकूड वाकवावे लागते, सांधा बिनचूक बसवावा लागतो. हे कसब वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने येते. ‘मिरर’मध्ये ते कसब तक्त्यांच्या आकारातच उतरविलेले आहे. तक्त्यांच्या कडांना लहान छिद्रे पाडावयाची, दोन कडा जवळ आणून त्यांतून तांब्याची तार ओवावयाची आणि पकडीने पीळ द्यावयाचा. पीळ आवळत गेला की सपाट तक्ते आपोआप वळतात आणि तासाभरापूर्वीचा प्लायवुडचा ढीग नावेसारखा दिसू लागतो. काथ्याने फळ्या शिवून नावा बांधण्याची रीत आपल्या पश्चिम किनाऱ्याला पुरातन काळापासून माहीत आहे. परंतु तेथे शिवण हीच नावेची ताकद असते. येथे तारेचे टाके तात्पुरते आहेत. आतून सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवितात. ती वाळली की बाहेरची तार छाटून टाकतात, कडा घासून गोल करतात आणि बाहेरूनही पट्टी चढवितात.

नवशिक्याचे खरे नुकसान होते ते तार आणि राळ यांच्या मधल्या वेळेत. नाव उभी राहिलेली पाहून घरातील सर्वांना आनंद होतो आणि त्याच उत्साहात कोणी राळ कालवावयास घेतो. वस्तुतः याच वेळी थांबावयास हवे. तारेने बांधलेली नाव अजून मऊ असते. एका बाजूस किंचित मुरडलेली असेल तर तार सैल करून सरळ करता येते. राळ घट्ट झाल्यावर ती मुरड कायमची राहते आणि पुढे पाण्यात नाव सतत एका अंगास ओढू लागते. परीक्षा सोपी आहे. नावेच्या पुढील व मागील भागावर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवावी आणि दूर उभे राहून एक डोळा मिटून पाहावे. पट्ट्या समांतर दिसल्या पाहिजेत. मग पुढच्या मध्यबिंदूपासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांची अंतरे दोरीने मोजावी. ती सारखी भरली पाहिजेत. अर्ध्या तासाचे हे काम आहे, पण ते टाळल्याचा पश्चात्ताप नाव असेपर्यंत पुरतो.

राळेचेही काही नेम आहेत. हार्डनर मिसळला की ती थोड्याच वेळात गोठू लागते, म्हणून एका वेळी वाटीभरच कालवावी; जास्त केली तर भांड्यातच तापून दगड होते. उलट थंडीत ती वाळतच नाही. तिचा वास उग्र व अपायकारक असतो, तेव्हा दारे-खिडक्या उघड्या असाव्यात आणि घासकाम करताना नाकावर मुखपट्टी असावी. मुलांना या कामापासून दूर ठेवून रंगकाम त्यांच्याकडे सोपविणे बरे. नावेतील बंद हवेचे कप्पे मात्र जाणत्याने स्वतः तपासावेत. नाव उलटली तर तरंगत ठेवणारे तेच असतात.

सत्तर हजारांहून अधिक ‘मिरर’ आजवर बांधल्या गेल्या. त्यांपैकी एका जुन्या नावेत बसून ए. जे. मॅकिनन हे शिक्षक १९९७ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातून निघाले आणि नद्या, कालवे व इंग्लिश खाडी ओलांडीत थेट काळ्या समुद्रावरील सुलिना बंदरात पोहोचले. वाटेत नावेची मोडतोड होत राहिली आणि डागडुजीही होत राहिली.