विनामूल्य व्हीपीएन सेवेचे मोल

व्हीपीएन, म्हणजे आभासी खाजगी जाळे, ही सेवा अनेक कंपन्या मोबाइलधारकास विनामूल्य देतात. सर्व्हर व इंटरनेट-वहन यांचा खर्च प्रतिमास होत असता ती फुकट कशी परवडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गोंदिया जिल्ह्यातील धान-भरडाईच्या व्यवहाराशी परिचित असणारास याचे उत्तर ओळखीचे वाटेल. शासनाने खरेदी केलेले धान भरडून देण्याचा दर अल्प दिसतो. परंतु कोंडा, कणी व तूस गिरणीकडेच राहतात आणि त्यांनाही बाजारात मोल असते. या उपपदार्थांचे मूल्य दर ठरविताना नीट हिशेबात घेतले जात नाही, असा आक्षेप भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये घेतला होता. फुकट व्हीपीएनचा व्यवहार याच जातीचा आहे. भेद इतकाच की, गिरणीत कोंडा राहिला हे धान देणारास ठाऊक असते. येथे कोंडा निघतो हेच ग्राहकास ठाऊक नसते.

तो निघतो कसा, हे पाहिले पाहिजे. देवरीच्या विद्यार्थ्याने एखादे संकेतस्थळ उघडले, तर मजकूर बहुधा कुलूपबंद असला तरी त्याने कोणते स्थळ उघडले हे दूरसंचार कंपनीस सामान्यतः कळते. व्हीपीएन लावल्यावर त्या कंपनीस केवळ व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. परंतु त्या सर्व्हरवर बाहेरचे कुलूप उघडते, आणि पूर्वी दूरसंचार कंपनीस जे दिसत होते ते आता व्हीपीएनचालकास दिसू लागते. पाळत नाहीशी होत नाही. पाळत ठेवणारा बदलतो. दूरसंचार कंपनी निदान परवानाधारक व ज्ञात असते. व्हीपीएनचालकाचे पुष्कळदा ॲपवरील नावापलीकडे काहीच ठाऊक नसते.

ही भीती काल्पनिक नव्हे. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांनी इतरांच्या सहकार्याने २८३ अँड्रॉइड व्हीपीएन ॲप्सची परीक्षा करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १८ टक्के ॲप्समध्ये वाहतुकीस कुलूपच नव्हते. गोपनीयतेचे आश्वासन देणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांत त्रयस्थांची माग काढणारी साधने आढळली. फेसबुकने २०१३ मध्ये घेतलेल्या ओनाव्हो कंपनीचे फुकट ॲप ‘संरक्षण’ या नावाने दिले जाई, आणि लोक कोणती ॲप्स किती वापरतात याची माहिती त्यातून फेसबुककडे जाई. ॲपलच्या दुकानातून ते ऑगस्ट २०१८ मध्ये निघाले. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने २०२३ मध्ये फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना एकूण २ कोटी डॉलर दंड केला.

याहून विषम प्रकार म्हणजे ग्राहकाची जोडणीच विकणे. होला ही फुकट सेवा आपल्या ग्राहकांच्या जोडण्या दुसऱ्यांना पैसे घेऊन वापरू देते, हे २०१५ मध्ये उघड झाले. मे २०२४ मध्ये अमेरिकेने मोडून काढलेल्या ‘९११ एस५’ जाळ्यात मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन इत्यादी फुकट ॲप्सद्वारे १.९ कोटींहून अधिक आयपी पत्ते गुन्हेगारांच्या उपयोगास देण्यात आले होते. अशा वेळी परक्याने केलेल्या कृत्याचा माग निरपराध ग्राहकाच्या दारापर्यंत येतो; येथे कोंडाच नव्हे, गिऱ्हाइकाची बैलगाडीही परस्पर भाड्याने दिली जाते.

भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी व्हीपीएनचालकांनी ग्राहकांची नोंद ५ वर्षे ठेवावी असा निर्देश दिला. परिणामी एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांसारख्या मोल घेणाऱ्या, नाव-पत्ता असलेल्या कंपन्यांनी भारतातील सर्व्हर हलविले. अज्ञात चालकांवर या निर्देशाचा प्रभाव पडणे अर्थातच कठीण. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमान्वये संमतीपूर्वीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची तरतूद आहे. भारतात सेवा देणाऱ्या परदेशी चालकासही तो लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख तरतुदींच्या अंमलास १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. मात्र ज्या चालकाचा पत्ताच ठाऊक नाही, त्याच्याकडे ती मराठी सूचना कोणी व कोठे मागावी, हे अधिनियमाच्या पाठावरून स्पष्ट होत नाही.