अर्ज, विनंती आणि पोच

अर्ज करणे म्हणजे हात पसरणे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ‘अर्जविनंत्यांनी काही होत नसते’ हे वाक्य आपण घरी ऐकतो, तसे कट्ट्यावरही ऐकतो. राज्यशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला ही समजूत अपुरी वाटते. विनंतीचे बळ ती करणाऱ्याच्या नम्रतेत नसते. ऐकणाऱ्यावर उत्तर देण्याचे बंधन आहे की नाही, यावर ते अवलंबून असते. हाच मुद्दा काही उदाहरणांनी मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

राजेशाहीत रयत दरबारात गाऱ्हाणे घाली. ते ऐकणे न ऐकणे ही राजाची मर्जी. इंग्रजी अमदानीत दरबाराच्या जागी कचेरी आली, पण मर्जी तीच राहिली. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली. लोकांची गाऱ्हाणी सरकारच्या कानी घालणे हे तिचे एक मुख्य काम होते. पुढे जहाल पक्षाने या मार्गाला भिक्षेचा मार्ग म्हणून हिणवले आणि अशाच मतभेदांतून १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली. जहालांचा रोष रास्त होता, कारण अर्जाला उत्तर देण्यास सरकार बांधलेले नव्हते.

तथापि सगळेच अर्ज वाया गेले असे म्हणता येणार नाही. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगाला निवेदन सादर केले. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यात मागणी होती. सरकारने ती मानली नाही. पण कागदावर उतरलेली मागणी सहसा मरत नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मध्ये १२८ वर्षे गेली.

स्वातंत्र्यानंतर अर्जाचे स्वरूपच पालटले. मूलभूत हक्कांवर गदा आल्यास घटनेच्या ३२ व्या कलमान्वये थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते, आणि ही दाद मागणे हाही एक मूलभूत हक्कच आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले, ते याच कारणाने.

या हक्काचा अर्थ काय, हे मुंबईच्या एका प्रकरणात दिसले. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील १५ स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच रिट अर्ज मानले. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, तेथे महिला पोलिसांचा पहारा असावा, स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, असे आदेश १९८३ साली निघाले. त्या पाच जणींना वकील परवडला नसता. एका पत्राने ते काम झाले.

दयेच्या अर्जाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. कलम ७२ खाली राष्ट्रपतींकडे आणि कलम १६१ खाली राज्यपालांकडे शिक्षामाफीची विनंती करता येते. दया ही हक्काने मागण्याची वस्तू नव्हे, असे कोणीही म्हणेल. परंतु २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १५ जणांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. त्यामागचे प्रमुख कारण होते दयेच्या अर्जांचा निकाल लावण्यात झालेला अवाजवी विलंब. म्हणजे दया मिळेलच असे नाही. पण वेळेत उत्तर मिळालेच पाहिजे. ‘हो’ म्हणण्याची सक्ती नसली तरी गप्प बसण्याची मुभा नाही, हे सूत्र मला फार मोलाचे वाटते.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हेच सूत्र सामान्य माणसाच्या हाती दिले. साधारणतः ३० दिवसांत उत्तर, ते न मिळाल्यास अपील. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानेही अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली.

कायदा बदलला तरी आपली भाषा मात्र बदललेली नाही. सुट्टीत गावी गेलो की दोन-चार जणांचे अर्ज मला लिहून द्यावे लागतात. ‘मायबाप सरकार, गरिबावर दया करा, असं घाल रे बाळा,’ असा वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. मी मायना नम्रच ठेवतो. मजकुरात मात्र काय हवे, कोणत्या नियमाखाली हवे आणि आधीचा अर्ज कोणत्या तारखेस दिला, ते लिहितो. शेवटी एकच बजावतो: दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. पोच नसलेला अर्ज हरवला तर तो दिलाच नव्हता असे होते. पोच हाती असली की मुदतीचे दिवस मोजता येतात, अपील करता येते, प्रसंगी न्यायालयातही जाता येते.

आपण पदवीधर होऊन बाहेर पडू तेव्हा कोणी टेबलाच्या अलीकडे असेल, कोणी पलीकडे. अलीकडच्याने पोच मागावी आणि पलीकडच्याने ती न मागता द्यावी. लोकशाहीची पुष्कळशी परीक्षा त्या शिक्क्यातच होत असते.