जुना मॉनिटर, धूसर अक्षरे आणि ‘ड्रायव्हर’

सुट्टीत घरी गेल्यावर आईबाबांचा जुना डेस्कटॉप सुरू केलात, तर अक्षरे धूसर आणि फोटोतले चेहरे आडवे पसरलेले दिसतात का? मॉनिटर भंगारात काढण्याआधी थोडे थांबा. तो धडधाकट असू शकतो.

सपाट पडद्यावरच्या पिक्सेलची संख्या ठरलेली असते, समजा 1440 × 900. संगणकाने 1024 × 768 चे चित्र पाठवले, तर मॉनिटर ते ताणून बसवतो. म्हणून अक्षरांच्या कडा पुसट होतात.

पण संगणक चुकीचे चित्र का पाठवतो? प्रत्येक मॉनिटरमध्ये ‘ईडीआयडी’ नावाचे छोटे ओळखपत्र साठवलेले असते. 1994 मध्ये आलेल्या या पद्धतीत मूळ माहिती फक्त 128 बाइटची: निर्माता, उत्पादनाचे वर्ष, पडद्याचा आकार, योग्य रिझोल्यूशन. व्हीजीए केबलमधून ती 12 आणि 15 क्रमांकांच्या पिनांवरून येते. त्यातली एखादी पिन तुटली वा वाकली, तरी चित्र दिसत राहते, पण ओळखपत्र पोहोचत नाही. मग संगणक सावधपणे कमी रिझोल्यूशन निवडतो.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. मॉनिटरखाली ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ दिसले, तर ओळखपत्र पोहोचलेले नाही. केबल काढून पिना तपासा, घट्ट बसवा, शक्य तर बदला. ‘जेनेरिक पीएनपी मॉनिटर’ असेल, तर ओळख पटलेली आहे.

आता डिस्प्ले अडॅप्टर पाहा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिले असेल, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर नाही. संगणकाच्या किंवा ग्राफिक्स चिपच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच तो घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ अशा जाहिरातींच्या नादी लागू नका; त्यांतून नको ते सॉफ्टवेअर घरात शिरते.

आणि मॉनिटरचा ड्रायव्हर? ती बहुधा मॉनिटरचे नाव, क्षमता आणि रंगांची माहिती देणारी छोटीशी फाइल असते. चित्र तयार करण्याचे काम ग्राफिक्स ड्रायव्हरचे. त्यामुळे ही फाइल सर्वात शेवटी बदला.

शेवटी ‘शिफारस केलेले’ रिझोल्यूशन निवडा. पडदा काळा झाला तरी घाबरू नका. काहीही न दाबता 15 सेकंद थांबलात, की विंडोज जुनी मांडणी परत आणते. जुना सीआरटी मॉनिटर असेल, तर मात्र त्याच्या क्षमतेबाहेरचा रिफ्रेश रेट देऊ नका. त्याने तो बिघडू शकतो.

थोडक्यात क्रम असा: आधी केबल, मग ग्राफिक्स, शेवटी मॉनिटर. परदेशातून व्हिडिओ कॉलवर सांगतानाही हाच क्रम ठेवा.